भिंतीतला संगणक आणि पाठीशी उभे असलेले माणूस

काही प्रयोग शास्त्रज्ञांच्या वहीतच राहतात, तर काही लोकांच्या तोंडी जातात आणि त्यांची कथा होते. अशी कथा झालेल्या प्रयोगाचे परीक्षण करताना दोन गोष्टी निवडून वेगळ्या कराव्या लागतात. प्रत्यक्षात काय घडले ही एक, आणि सांगता सांगता त्यातून काय गळून पडले ही दुसरी. डॉ. सुगाता मित्रा यांचा ‘होल इन द वॉल’ या नावाने जगभर गाजलेला प्रयोग या जातीचा आहे. पडद्यावरून शिकणे आता आपल्या घराघरांत येऊन बसले आहे. मुलाच्या हाती फोन देताना ‘त्याचे तो शिकेल’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या विश्वासाला ज्या कथांनी बळ दिले त्यांत ही कथा अग्रभागी आहे. म्हणून तिचे थोडे बारकाईने वाचन करावे असे आम्हांला वाटले.

कथा थोडक्यात अशी. दिल्लीच्या कालकाजी भागात संगणकाचे शिक्षण देणाऱ्या एनआयआयटी या कंपनीची कचेरी होती आणि तिच्या कुंपणापलीकडे झोपडवस्ती होती. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले डॉ. मित्रा या कंपनीत संशोधनाचे काम पाहत होते. १९९९ साली त्यांनी कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून, वस्तीच्या बाजूला तोंड करून, त्यात एक संगणक बसविला. त्याला इंटरनेटची जोडणी दिली. शिक्षक ठेवला नाही, सूचना लिहिल्या नाहीत, फी आकारली नाही. वस्तीतली मुले जमली, त्यांनी हात लावून पाहिला आणि थोड्याच वेळात ती एकमेकांना दाखवीत पडद्यावर हिंडू लागली. संगणकाची भाषा इंग्रजी, मुलांची भाषा हिंदी. तेव्हा मुलांनी आपले शब्द तयार केले. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत. संगणक कामात गुंतला की वाळूच्या घड्याळाचे चित्र दिसे, त्याला त्यांनी ‘डमरू’ हे नाव दिले. शंकराच्या हातातले डमरू त्यांच्या ओळखीचे होते, वाळूच्या घड्याळाशी त्यांचा संबंध आला नव्हता.

पुढे देशात अनेक ठिकाणी असे संगणक बसविले गेले. आपल्या कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या खेड्यांपर्यंतही ते पोहोचले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सतरा ठिकाणच्या मुलांची नऊ महिन्यांची नोंद आहे. कोणी न शिकविता ही मुले संगणक चालविण्याची प्राथमिक कौशल्ये आत्मसात करतात, असा त्या नोंदीचा निष्कर्ष. या पद्धतीला डॉ. मित्रा यांनी जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ ‘कमीत कमी ढवळाढवळीचे शिक्षण’ असा होतो. ही संज्ञा शस्त्रक्रियेच्या परिभाषेतून उचललेली आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शरीराला जितका कमी छेद द्यावा तितके रुग्णाचे भले. तसे मुलाच्या शिकण्यात मोठ्या माणसाने जितके कमी शिरावे तितके मुलाचे भले. २०१३ साली डॉ. मित्रा यांना टेड या संस्थेचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात त्यांनी आजच्या शाळेला ब्रिटिश साम्राज्याला कारकून पुरविणाऱ्या यंत्रणेचा कालबाह्य अवशेष ठरविले आणि मेघातील शाळेचे, म्हणजे इंटरनेटच्या आधारे मुलांनी आपण होऊन शिकण्याच्या शाळेचे, स्वप्न मांडले.

कथेचा हा पूर्वभाग मनाला आनंद देणारा आहे आणि त्याचे श्रेय कमी करण्याची आमची इच्छा नाही. ज्या मुलांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्यांच्या बुद्धीवर या माणसाने विश्वास ठेवला. गरिबाच्या मुलाला जिज्ञासा नसते, त्याला फक्त भूक असते, असा एक मुरलेला समज आपल्या समाजात आहे. कालकाजीच्या भिंतीने त्या समजाला धक्का दिला. एवढ्यासाठी तरी शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान राहील.

तथापि मुले तेथे का रमली, हा प्रश्न विचारला की कथा दिसते तितकी सोपी राहत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या शिकण्यामागे तीन मूलभूत गरजा मानल्या आहेत. आपल्या कृतीचे कर्ते आपण असावे ही पहिली. आपल्याला काही जमते आहे असे अनुभवास यावे ही दुसरी. आपले कोणी आहे आणि आपण कोणाचे आहोत असे वाटावे ही तिसरी. भिंतीसमोरच्या घोळक्याला या कसोट्या लावून पाहाव्यात. कोणी बसा म्हणत नव्हते, उठा म्हणत नव्हते. पहिली गरज भागली. बोट फिरवावे आणि चित्र हलावे; दुसरी भागली. तिसरी मात्र यंत्राने भागविली नाही. ती घोळक्याने भागविली. एकाने शोधावे, दुसऱ्याने ‘मला दाखव’ म्हणावे, तिसऱ्याने खांद्यावरून वाकून पाहावे. डॉ. मित्रा स्वतः मुलांच्या समूहाला महत्त्व देतात, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु कथा जसजशी पसरली तसतसा समूह मागे पडला आणि एक मूल व एक पडदा एवढेच चित्र उरले. आज आपल्या घरात दिसते ते हेच चित्र. एका खोलीत एक मूल, कानांत बोंडे, समोर पडदा, आणि दार लावलेले. कालकाजीच्या नावावर जे खपविले जात आहे ते कालकाजीत घडलेच नव्हते.

प्रयोगावर टीकाही झाली आणि ती वजनदार आहे. मार्क वॉरशॉअर या अभ्यासकाने दिल्लीतील ठिकाण पाहून लिहिले की इंटरनेट बहुधा चालत नव्हते, मुलांच्या भाषेत वाचण्याजोगे फारसे काही नव्हते आणि मुलांचा बराचसा वेळ खेळांत व चित्रे रंगविण्यात जात होता. २०१० साली पायल अरोरा यांनी उत्तराखंडातील अल्मोडा व हवालबाग येथील अनुभव मांडला. तेथे संगणक बंद पडून गेले होते, भिंतीत नुसती भोके राहिली होती आणि तेथे काय शिकणे झाले हे सांगू शकणारी माणसे थोडीच होती. मुलांना मोकळीक दिली म्हणजे ती सर्वांना सारखी मिळते असेही नाही. चव्हाट्यावरच्या वस्तूचा ताबा बहुधा बलवान घेतो. लहानांची आणि मुलींची पाळी येईपर्यंत काळोख पडतो, हे आपल्या गावचे विहिरीचे पाणवठे आणि खेळाची मैदाने पाहिलेल्यांना निराळे सांगायला नको.

ही टीका आम्हांला मान्य आहे, परंतु आमचे म्हणणे तेवढ्यावर थांबत नाही. यंत्र बिघडले, वीज गेली, ही कारणे उद्या दूर होतील. बरीचशी झालीच आहेत. यंत्र उत्तम चालले आणि मजकूर मराठीत मिळाला, तरी जो प्रश्न उरतो तो आमच्या दृष्टीने मुख्य आहे. त्या प्रश्नाचे उत्तर डॉ. मित्रा यांच्याच संशोधनात दडलेले आहे, आणि कथा सांगणाऱ्यांनी नेमके तेच पान घाईने उलटले आहे.

ते पान कालिकुप्पमचे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर तमिळ बोलणाऱ्या लोकांचे हे खेडे. आपल्या पद्धतीची मर्यादा कोठे येते हे पाहण्यासाठी डॉ. मित्रा यांनी येथे मुद्दाम अशक्यप्राय काम निवडले. दहा ते चौदा वर्षांच्या तमिळ मुलांनी जैवतंत्रज्ञानाचा विषय इंग्रजीतून, रस्त्याकडेच्या संगणकावर, आपला आपण शिकावा. प्रारंभीच्या चाचणीत गुण शून्याच्या आसपास होते, ते साहजिक होते. काही आठवड्यांनी विचारले असता मुले म्हणाली की आम्हांला काही कळले नाही. तेवढ्यात एका मुलीने सांगितले की डीएनएच्या रेणूची प्रतिकृती नीट झाली नाही तर रोग होतो, याखेरीज काही कळले नाही! वाचकांनी येथे हसावे, परंतु त्या मुलीच्या विनयाकडेही पाहावे. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा गुण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत चढले होते. शाळेत हा विषय रीतसर शिकणाऱ्या जवळपासच्या मुलांशी ही मुले बरोबरी करीत होती. कथा येथेच थांबविली तर यंत्राचा विजय पुरा होतो.

डॉ. मित्रा येथे थांबले नाहीत, आणि ही त्यांची प्रामाणिकता आहे. ३० टक्के म्हणजे अनुत्तीर्णच. पुढे कसे जावे? मुलांची एक मैत्रीण गावात होती. वय बावीस, काम हिशेब ठेवण्याचे. मुलांबरोबर ती नेहमी खेळत असे. मुलांना शिकव असे तिला म्हटल्यावर ती म्हणाली की या विषयातले मला काही येत नाही. तेव्हा तिला सांगण्यात आले की आजीची रीत वापर. मुलांच्या पाठीशी उभी राहा. ती काही करू लागली की, अरे वा, हे कसे केलेस, पुढे काय आहे, मला तर तुझ्या वयाला हे जमले नसते, असे म्हणत जा. तिने तसे केले. आणखी काही आठवड्यांनी गुण ५० टक्क्यांच्या आसपास गेले. दिल्लीच्या संपन्न खासगी शाळेत, विषयाचा जाणकार शिक्षक असताना, मुलांना जेवढे गुण पडत होते तेवढे. २०१० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ‘मर्यादा’ हा शब्द आहे.

आमच्या परीक्षणाचा सारा भर या पानावर आहे. डॉ. मित्रा यातून ‘कौतुक’ नावाची एक पद्धत काढतात. ती कोणालाही उचलता येईल, कोठेही वापरता येईल असे त्यांच्या मांडणीतून सूचित होते. आम्हांला हा अर्थ अपुरा वाटतो. कौतुकाचे शब्द त्या मुलीच्या तोंडी काम करू शकले, याला तीन कारणे आहेत आणि तिन्हींचा संबंध शब्दांशी नसून तिच्याशी आहे. पहिले कारण असे की ती मुलांची आधीपासूनची होती. प्रयोगासाठी आणलेली परकी बाई नव्हती. दुसरे असे की तिचे नवल खरे होते. तिला विषय खरोखरच येत नव्हता. म्हणून मुलांनी तिला सांगितलेले तिच्यासाठी नवे होते आणि सांगणाऱ्या मुलाला आपण काही देत आहोत असे वाटू शकत होते. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, कारण असे की तिला दुसरीकडे जाता आले असते. तिला आपले काम होते, घर होते, वेळ मोजका होता. तो तिने येथे घालविला. मुलाला कळते ते हे. मोठ्या माणसाच्या शब्दांपेक्षा त्याने दिलेल्या वेळाची किंमत मूल आधी ओळखते.

ही साक्ष पडद्याच्या विरुद्ध नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९ पासून डॉ. मित्रा यांच्या आवाहनावरून इंग्लंडातील स्वयंसेवक, त्यांत निवृत्त शिक्षक बरेच, स्काइपवरून भारतातील मुलांशी बोलू लागले, त्यांना गोष्टी वाचून दाखवू लागले. या उपक्रमाला ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे आज्यांचा मेघ, असे नाव पडले. हजारो मैलांवरची आजी ठरल्या वेळी पडद्यावर येते, मुलांची नावे लक्षात ठेवते, मागच्या वेळी कोण आजारी होते ते विचारते. मधे काच आहे, पण काचेपलीकडे माणूस आहे. परदेशी गेलेल्या मुलांची लेकरे आपल्या गावच्या आजीशी फोनवर बोलून मराठी शब्द शिकतात, तेही याच जातीचे शिक्षण. तेव्हा प्रश्न पडदा असावा की नसावा असा नाही. पडद्यापलीकडे कोण आहे, आणि पडद्याच्या अलीकडे, मुलाच्या पाठीशी, कोण आहे, असा तो आहे.

कालिकुप्पमच्या पानाचा धडा तंत्रज्ञानाच्या जगाने घेतला, पण उलटा घेतला. कौतुकाने मूल शिकते ना, मग कौतुकही यंत्राकडून करवून घेऊ, असा तो हिशेब. आज मुलांच्या शिकवणीच्या ॲपमध्ये उत्तर बरोबर आले की चांदण्या उधळल्या जातात, टाळ्या वाजतात, दिवस न चुकविल्याबद्दल पदके मिळतात. यांचा परिणाम काय होतो यावर डेसी यांचा १९७१ सालचा प्रयोग अजूनही विचार करायला लावणारा आहे. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्यासाठी पैसे दिले, त्यांचा रस पैसे थांबताच पूर्वीपेक्षा कमी झाला. ज्यांना माणसाने तोंडी शाबासकी दिली, त्यांचा रस मात्र टिकला, वाढला. बाहेरून लावलेले बक्षीस कामातला आनंद खाऊन टाकू शकते. ओळखीच्या नजरेतली शाबासकी तो आनंद जागा ठेवते. चांदण्यांची जात कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांला तरी त्या पैशाच्या पंगतीत बसणाऱ्या वाटतात.

यंत्राने मुलाच्या भावना ओळखाव्यात असा प्रयत्नही बराच काळ चालू आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली भावना जाणणाऱ्या संगणनावर ग्रंथ लिहिला आणि एक नवे संशोधनक्षेत्र उभे राहिले. त्यातून हाती आलेले ज्ञान टाकाऊ नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे उदाहरण घ्यावे. त्यात मनिला येथील आतेनेओ या जेझुइट विद्यापीठाच्या मर्सिडीस रॉड्रिगो यांचा सहभाग होता. संगणकावर शिकणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून या अभ्यासकांनी दाखविले की वैतागापेक्षा कंटाळा अधिक घातक. वैतागलेले मूल सावरते; कंटाळलेले मूल कंटाळ्यातच रुतून बसते. याच परंपरेतील पुढच्या अभ्यासांनी असेही दाखविले की काही वेळ गोंधळात पडणे, मनात गुंता होणे, हे योग्य रीतीने सुटले तर शिकण्याला उपकारकच ठरते. म्हणजे मूल अडले की लगेच उत्तर पुढे करणारे यंत्र त्याचे हित करते असे नाही. अडण्याचा तो क्षण मुलाला सोसता यावा, यासाठी शेजारी कोणी न घाबरणारे लागते.

येथे आपण आजच्या काळात येतो. २०२२ च्या अखेरीपासून माणसासारखे संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली. ती रागावत नाही, थकत नाही, शंभरदा विचारले तरी शंभरदा सांगते, आणि बहुतेक वेळा आधी प्रश्नाची वाहवा करते. माणूस अशा यंत्राला किती लवकर मन देतो, हे नवीन नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा अगदी साधा कार्यक्रम लिहिला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारणे, एवढेच तो करी. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंना हे सारे ठाऊक होते. तरी त्याच्याशी काही वेळ बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. प्रौढ, जाणती व्यक्ती जेथे गुंतते तेथे नऊ-दहा वर्षांच्या मुलाची काय कथा?

मानसशास्त्रातील आणखी एक प्रयोग येथे सांगावासा वाटतो, जरी तो निर्दय आहे. १९५८ साली हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांसंबंधीचे आपले निष्कर्ष मांडले. पिलांना खऱ्या आईपासून तोडून दोन बनावट आया दिल्या होत्या. एक तारांची, दूध देणारी. दुसरी मऊ कापडाची, दूध न देणारी. पिले दुधापुरती तारांच्या आईकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. पोटापेक्षा ऊब मोठी, हा धडा पाठ्यपुस्तकांत गेला. पण प्रयोगाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. कापडाच्या आईजवळ वाढलेली ही पिले मोठी झाल्यावर कळपात मिसळू शकली नाहीत. त्यांतल्या ज्या माद्यांना पिले झाली, त्यांतल्या पुष्कळजणी आपल्या पिलांना सांभाळू शकल्या नाहीत. बिलगायला मिळाले होते, पण उलट बिलगणारे कोणी नव्हते. केवळ माहिती ओतणारे ॲप तारांच्या आईसारखे आहे, हे आपण आता ओळखू लागलो आहोत. गोड बोलणारे यंत्र ही कापडाची आई आहे, हे ओळखायला वेळ लागेल, कारण तिच्याजवळ मूल खरोखर शांत दिसते.

याला एक आक्षेप येईल आणि तो टाळण्याजोगा नाही. तुम्ही पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे गोडवे गाता. पण मुलांच्या पाठीशी आजवर जी माणसे उभी होती त्यांच्या हातात छडी होती, त्याचे काय? चुकलेल्या उत्तराला हशा पिकविणारे वर्ग, जात आणि घर काढून बोलणारे शिक्षक, ‘तुझ्याच्याने होणार नाही’ हे वाक्य, हे सारे आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. यंत्र निदान अपमान करीत नाही. भित्र्या मुलाला जो प्रश्न वर्गात विचारता येत नाही तो ते यंत्राला विचारते. हा आक्षेप आम्ही खरा मानतो. लाजलेल्या मुलाला आडोसा हवा असतो आणि यंत्र तो देते. पण आडोसा म्हणजे सुटका नव्हे. माणसांसमोर चुकण्याची भीती माणसांसमोर चुकूनच जाते; कोणी हसले नाही हा अनुभव आल्यानेच जाते. यंत्रासमोर हजारदा निर्भय झालेले मूल वर्गात उभे राहताना पुन्हा थरथरत असेल, तर त्याची मूळ गरज अजून भागायची आहे. वाईट शिक्षकावरचा उपाय शिक्षक नसणे हा नाही. छडी टाकलेला शिक्षक हा आहे.

दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. कौतुक एकटे पुरत नाही. कालिकुप्पमची ताई मुलांना निम्म्या वाटेवर घेऊन गेली. पुढची वाट जाणकाराची. ‘हे चूक आहे, पुन्हा कर’ असे सांगण्यासाठी विषय यावा लागतो, आणि ते मुलाने ऐकावे यासाठी आधी प्रेम असावे लागते. टेडच्या पारितोषिकातून भारतात पाच आणि इंग्लंडात दोन अशा सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यांतली एक आपल्या महाराष्ट्रात, फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांनी स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत झाली. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषीने फलटणला घर केले आणि मुलांना त्यांच्या भाषेत, मराठीत, नीट वाचता-लिहिता यावे यासाठी आयुष्य वेचले. मेघातील शाळा तेथे उतरली ती मोकळ्या भिंतीवर नव्हे. वाचायला शिकविणारी माणसे जेथे आधीपासून राबत होती तेथे. शाळेला कालबाह्य ठरविणाऱ्या भाषणातून निघालेला पैसा अखेर एका चांगल्या शाळेच्या आधाराला आला, यातच आमच्या मते त्या भाषणाचे खरे परीक्षण झाले आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे दीर्घ काळ वर्ग, शिकवण्या, धर्मशिक्षणसुद्धा पडद्यावर आले. शाळा पुन्हा भरल्या, पण पडदा घरातून गेला नाही. आपल्या धर्मग्रामांतून आम्ही फिरतो तेव्हा एक वाक्य वारंवार कानी पडते. मुले इंग्रजी माध्यमात. आईवडील मराठीत शिकलेले, आजीआजोबा घरच्या बोलीत वाढलेले. आई म्हणते, ‘फादर, त्याचे पुस्तक आम्हांला कळत नाही, आम्ही काय करणार? म्हणून शिकवणी लावली, ॲप घेतले.’ या वाक्यात लाज आहे, आणि ती लाज मुलालाही दिसते. आपल्या घरचे अडाणी आहेत, शहाणपण पडद्यात आहे, असे ते हळूहळू मानू लागते. मार्क किती पडले याहून हे नुकसान आम्हांला मोठे वाटते. कारण ज्या माणसांच्या मायेवर मूल उभे आहे त्यांच्याविषयी त्याला संकोच वाटू लागला, की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

अशा आईला सुगाता मित्रा यांच्या संशोधनाने फार मोठा दिलासा दिला आहे; फक्त तो तिच्यापर्यंत कोणी पोहोचविला नाही. न कळणे ही अपात्रता नाही. कालिकुप्पमच्या त्या मुलीलाही काही कळत नव्हते. तिला जे येत होते ते प्रत्येक आईला आणि प्रत्येक आजीला येते. मुलाच्या शेजारी पाट मांडावा. पडद्याकडे न पाहता मुलाकडे पाहावे. ‘हे काय आहे रे? मला सांग, मराठीत सांग’ असे म्हणावे. इंग्रजीत वाचलेले मराठीत सांगताना मुलाला ते स्वतःलाच पहिल्यांदा कळेल. सांगताना अडेल तेथे उत्तर देण्याची घाई नको. उत्तर आपल्याकडे नाही, हे तर बरेच आहे. थोडा वेळ त्याच्याबरोबर गप्प बसावे. फोन आपल्याही हातात नसावा, कारण आपले अर्धे लक्ष मूल पूर्ण ओळखते. बापानेही हे करावे. आजीची रीत आजीनेच पाळावी असा नियम नाही.

आणि ज्या घरी संध्याकाळी कोणीच नसते, आईवडील दोघेही लोकलच्या गर्दीतून रात्री परततात, त्या घरच्या मुलांचे काय? येथे शेजारघर, आळी आणि समाज यांचे काम सुरू होते. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, मोकळ्या झालेल्या आज्या आहेत. इंग्लंडातल्या आज्या स्काइपवरून भारतातील मुलांपाशी पोहोचू शकल्या, तर आपल्या आळीतल्या आजीला चार घरे ओलांडून जाणे अवघड नसावे. तिला संगणक येण्याची गरज नाही. मुलाने तिला सुई आणि डमरू दाखवावे, आणि तिने नवल करावे.